‘पोटात दुखतंय’ म्हणू नकोस, खरं सांग!

पहाटेचे तीन. होस्टेलवर रूममेट अचानक उठून बसलाय, घामाघूम, वाकलेला. एक उलटीही झाली. काय होतंय विचारलं तर म्हणतो, ‘पोटात दुखतंय यार.’ दुखत असतं अंडकोषात, एकाच बाजूला. पण ते सांगणार कसं? मग एक पेनकिलर आणि ‘सकाळी बघू’.

हे ‘सकाळी बघू’ फार महागात पडू शकतं.

रक्तवाहिन्यांच्या ज्या दोरीला वृषण लटकलेलं असतं, तिलाच कधीकधी पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. डॉक्टर याला टॉर्शन म्हणतात. १२ ते १८ या वयात ते जास्त दिसतं, पण कॉलेजच्या वयातही होतं. मार लागायलाच हवा असं नाही, गाढ झोपेतही होतं. काहींचं वृषण जन्मतःच आत नीट धरलेलं नसतं, घंटेच्या लोलकासारखं हलतं. दुखणारी बाजू वर ओढल्यासारखी दिसते, सुजते. पहिल्या सहा तासांत पीळ सुटला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. बारा तासांनंतर आशा झपाट्याने कमी होते, चोवीस तासांनंतर क्वचितच उरते. म्हणजे पहाटे तीनला दुखायला लागलं आणि प्रॅक्टिकल उरकून दुपारी दाखवलं, तर वृषण वाचण्याची आशा बरीच कमी झालेली असू शकते.

इन्फेक्शननेही दुखतं. ते सहसा हळूहळू वाढतं, सोबत ताप किंवा लघवीला जळजळ असते. पण हा फरक आपण खोलीत बसून ठरवायचा नाही. क्रिकेटचा बॉल लागला आणि तासाभरातही कळ ओसरली नाही, तरी दाखवायचं. जोरात दुखून आपोआप थांबलं, तरीही! पीळ बसून सुटला असेल तर तो पुन्हा बसू शकतो.

जायचं कुठे? जिथे रात्री सर्जन असतो अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. गाडी नसेल तर १०८ लावा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत चहासुद्धा नको. तिथे गेल्यावर कितीही ऑकवर्ड वाटलं तरी थेट बोला : ‘तीन वाजल्यापासून डाव्या अंडकोषात दुखतंय.’ बाजू आणि वेळ, दोन्ही. नुसतं ‘पोट’ म्हणालात तर तपासणी पोटाचीच होत बसेल. सर्जन पीळ सोडवतात आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन्ही वृषणं आत टाके घालून पक्की करतात.

आणि उशीर होऊन एक काढावं लागलंच, तरी दुसरं ठणठणीत असेल तर लग्न, मुलंबाळं, दाढीमिशा कशाचंच सहसा अडत नाही.