दादीलाही गड दाखवा

सहलीचा बेत निघाला की आपल्या घरांत माणसांची वाटणी आपोआप होते. बाग, धरण किंवा नातेवाइकांचे गाव असेल तर सगळे घर निघते. गड म्हटला की फक्त तरुण मुलगे बाहेर पडतात. दादी म्हणते, "माझे गुडघे कुठे साथ देतात? तुम्ही या जाऊन." दादीजवळ कुणीतरी हवे म्हणून अम्मी थांबते. अम्मीला हातभार हवा म्हणून मुलीही थांबतात. असे करता करता निम्म्या घराने शेजारच्या जिल्ह्यातला गडसुद्धा आयुष्यभर पाहिलेला नसतो.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या प्रचितगडासारखा गड चढायचा तर दणकट पायच हवेत. पण साताऱ्याच्या डोक्यावर उभा असलेला अजिंक्यतारा तसा नाही. त्याच्या दरवाजाजवळ गाडीरस्ता जातो. सांगलीहून सातारा साधारण सव्वाशे किलोमीटर. एक गाडी नीट ठरवली तर सकाळी निघून मगरिबपर्यंत सगळे घर परत येऊ शकते. हा लेख त्या एका दिवसाबद्दल आहे, आणि दादीने तो गड का पाहावा याबद्दलही.

या गडावर एक चांदबीबी होती

शिलाहार राजा दुसरा भोज याने सुमारे ११९० मध्ये हा किल्ला बांधला असे मानले जाते. पुढे तो बहमनींकडे आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. १५८० मध्ये पहिला अली आदिलशाह मारला गेला. गादीवर आलेला त्याचा पुतण्या इब्राहिम अवघ्या नऊ वर्षांचा होता. त्याच्या वतीने कारभार पाहू लागली अली आदिलशाहाची विधवा चांदबीबी, अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची मुलगी. सत्ता स्वतःकडे ओढू पाहणाऱ्या किश्वर खानाने तिला विजापुरातून काढले आणि साताऱ्याच्या याच किल्ल्यात कैदेत ठेवले.

ती कैदेत संपली नाही. दरबारातले हबशी सरदार किश्वर खानावर उठले, तो पळाला आणि चांदबीबी विजापूरला परत आली. हीच चांदबीबी पुढे १५९५-९६ मध्ये अहमदनगरच्या तटावर उभी राहिली. शहजादा मुरादच्या मोगल फौजेने सुरुंगाने पाडलेली भिंत तिने रातोरात पुन्हा बांधून घेतली. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिचा जीव घेतला. शाळेच्या पुस्तकात मुली अहमदनगरची चांदबीबी वाचतात. साताऱ्याची चांदबीबी फार थोड्यांना ठाऊक असते.

शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये हा गड घेतला. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिन्यांहून अधिक काळ गड झुंजवला. मोगलांच्या सुरुंगाने तट उडाला तेव्हा त्याचा मोठा भाग बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्याच्या तयारीत असलेले त्यांचेच सैनिक खाली गाडले गेले. अखेर २१ एप्रिल १७०० रोजी गड पडला. शहजादा आझमच्या नावावरून त्याचे नाव 'आझमतारा' झाले. महाराणी ताराबाईंच्या सैन्याने तो परत जिंकला आणि त्याला 'अजिंक्यतारा' हे नाव मिळाले. पुढे १७५० मध्ये याच ताराबाईंनी छत्रपती रामराजाला ह्याच किल्ल्यात अडकवून ठेवले.

हा सगळा हिशेब मुलांना गडावर उभे करून सांगावा. चांदबीबीला कैद करणारा मुसलमानच होता. रामराजाला कैद करणाऱ्या ताराबाई त्याच घराण्यातल्या होत्या. औरंगजेबाच्या फौजेत राजपूत आणि मराठे सरदार होते, तर शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. मोबाइलवर येणाऱ्या दोन मिनिटांच्या चित्रफितीत इतिहास जेवढा सरळ दिसतो तेवढा तो नव्हता. तटावरून फिरताना मुलांना हे लवकर समजते.

गाडी ठरवताना

आपल्याकडे बहुतेक वेळा ओळखीच्या कुणाची तरी घरची गाडी 'डिझेल आणि वर थोडे' अशा बोलीवर घेतली जाते. ते टाळावे. घरगुती गाडीची पाटी पांढरी असते. अशी गाडी भाड्याने देण्याची परवानगी नसते, आणि भाडे घेऊन नेताना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. टूरिस्ट पासिंगच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. तीच घ्या. दर जरा जास्त पडेल, पण गाडीत आपले अख्खे घर बसलेले असते.

किती माणसे हे आधी मोजा. अर्टिगासारखी गाडी सात आसनी म्हणतात, पण त्या सातांत एक चालक. म्हणजे आपण सहा. मागच्या रांगेत गुडघे मुडपून बसावे लागते आणि तिथे मुलांना मळमळही लवकर होते. दादीला पुढची किंवा मधल्या रांगेतली दाराजवळची जागा ठेवा. आठवा माणूस 'मांडीवर' घेऊन जाण्याचा विचार महामार्गावर करू नका. पट्टा सगळ्यांना हवा, मागे बसणाऱ्यांनाही.

मग दर. गाडीवाला किलोमीटरचा दर सांगतो, पण त्याबरोबर दिवसाचे किमान किलोमीटरही असतात. बरेच जण २५० किंवा ३०० धरतात. समजा दर १४ रुपये आणि किमान ३०० किलोमीटर ठरले. मग तुम्ही २७० किलोमीटर फिरलात तरी ४,२०० रुपये द्यावे लागतील. म्हणून पुढच्या गोष्टी आधीच विचारून घ्या:

मोजणी आपल्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून? टोल आणि पार्किंग कोणाकडे? चालकाचा भत्ता वेगळा की दरात धरलेला? एसी गडाच्या चढावरही चालू राहील ना? रात्री उशीर झाला तर जादा किती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी गडाच्या दरवाजाजवळपर्यंत जाईल की पायथ्याशी थांबेल? काही चालक अरुंद चढाचा रस्ता ऐनवेळी नाकारतात. दादीसाठीच गाडी करायची असेल तर हे आधी ठरलेले बरे.

ठरले ते मोबाइलवर लिहून पाठवा आणि समोरून होकार घ्या. यात अविश्वास नाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. जे उधारीला लागू, त्याच्या मागचा शहाणपणा भाड्याच्या बोलीलाही उपयोगी पडतो. नंतर 'तुम्ही असे म्हणाला होता' हा वाद उरत नाही.

चालक कोणत्या धर्माचा, हा प्रश्न काही घरांत हळूच विचारला जातो. हिजरतच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाट दाखवायला अब्दुल्लाह बिन उरैकित याला मोबदला देऊन घेतले होते. तो तेव्हा मुसलमान नव्हता. दोन्ही उंटिणी त्याच्या हवाली केल्या होत्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी यायला सांगितले होते. तो ठरल्याप्रमाणे आला. त्याला वाट माहीत होती आणि तो भरवशाचा होता. आपणही चालकात हेच दोन गुण पाहावेत.

दिवस कसा काढावा

जुमा सोडून दुसरा दिवस निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. फज्रनंतर आवरून सातला निघालात की इस्लामपूरवरून पेठ नाक्याला महामार्ग लागतो. कराडला थांबून चहा-नाश्ता करा. वेळ असेल तर कराडची दोन उंच मनोऱ्यांची जुनी मशीद बाहेरून तरी पाहा. ती पहिल्या अली आदिलशाहाच्या काळातली म्हणून ओळखली जाते, म्हणजे चांदबीबीच्या शोहरच्या काळातली. पुढे तासवडे टोलनाका ओलांडला की तासाभरात सातारा.

गडावर जाण्याआधी शहरातच सगळ्यांचे स्वच्छतागृह आणि वजू उरकून घ्या. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. गाडीतून उतरल्यावर दरवाजापर्यंत आणि आतही थोडे चढाचे चालणे आहेच. त्यामुळे दादीची काठी, घडीचे स्टूल आणि एक माणूस फक्त तिच्यासाठी राखून ठेवा. तिने सगळा गड फिरलाच पाहिजे असे नाही. दरवाजाचे बुरूज पाहिले, खाली पसरलेले शहर पाहिले, तरी पुष्कळ. मुले तोवर तळी आणि ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष पाहून येतील. उन्हाच्या आधी खाली उतरा.

आता नमाज. हनफी मसलकात सुमारे ७७-७८ किलोमीटरपेक्षा दूरच्या सफरीत कसर लागू होते. जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात, फज्र आणि मगरिब तसेच राहतात. मुकीम इमामाच्या मागे उभे राहिलात तर पूर्ण चार. शंका असेल तर निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारा. पुरुष शहरातल्या मशिदीत जातात आणि बायका गाडीत ताटकळतात, हे नेहमीचे चित्र. बायकांच्या नमाजची सोय कुठे, हे आदल्या दिवशी फोन करून ठरवा. ओळखीचे घर असेल तर उत्तम. नाहीतर जेवणाच्या हॉटेलात तासाभरासाठी खोली मागा. परतताना साताऱ्याचे कंदी पेढे घ्या, एक पुडा चालकाच्या घरीही द्या.

मनातली धाकधूक

एक गोष्ट न बोलता राहू नये. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची तोडफोड झाली. त्यानंतर 'बुरख्यात गडावर जायचे का?' असा प्रश्न कित्येक घरांत आला. ही धाकधूक खोटी नाही आणि तिला हसून उडवू नये. पण घरी बसून ती वाढतच जाते.

जाताना अदब आपला आपण पाळावा. गडावर मंगळाईदेवी, मारुती आणि महादेवाची मंदिरे आहेत. आवाज खाली ठेवावा, वाट द्यावी. मांसाहाराचा डबा वर नेऊ नये, जेवण शहरात करावे. जुहर उतरल्यावर आरामात मिळते. भिंतीवर नाव कोरणे, तटावर चढून सेल्फी घेणे आपल्या मुलांनी तरी करू नये. कुणी सहज विचारले तर 'सांगलीहून आलो, आईला गड दाखवायला' एवढे सांगावे. आईला गड दाखवणाऱ्याला वाट करून देणारी माणसे साताऱ्यात पुष्कळ आहेत.

घरी पोहोचलात की चालकाचे पैसे तिथेच मोजून द्या. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्याला आहे. 'उद्या पाठवतो' म्हणू नका. तो दिवसभर आपल्या माणसांना जपून घेऊन आला आहे. मग दादीला विचारा, पुढच्या महिन्यात कुठे जायचे.