रात्री ताप आला तर नेदरलँड्समध्ये कुठं जायचं?

आइंडहोव्हन : इथं नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला खटका उडतो तो डॉक्टरवरून. आपल्याकडे मुलाला ताप आला की थेट बालरोगतज्ज्ञ गाठायचा, रात्र असेल तर कॅज्युअल्टी. इथं भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवून ठेवायचं आणि तज्ज्ञाकडे जायचं ते त्याची चिठ्ठी घेऊनच. जिवावरचं दुखणं असेल तर अर्थात 112.

संध्याकाळी पाचनंतर आणि शनिवार-रविवारी हे डॉक्टर आळीपाळीनं एका सामायिक केंद्रात बसतात. बरीच केंद्रं कॅज्युअल्टीला लागूनच असतात. पण आधी फोन करायचा. पलीकडची प्रशिक्षित सहायक एकेक विचारत जाते. ताप किती? पाणी पितोय का? शेवटची लघवी कधी झाली? अंगावर लाल ठिपके आहेत? काचेचा ग्लास दाबून बघा, पुसट होतात का? होत नसतील तर मेनिंजायटिसची शंका, मग क्षणही दवडत नाहीत. एरवी घरीच काय करायचं ते सांगतात किंवा केंद्रावर बोलावतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे डॉक्टर स्वतः गाडीनं जातात.

घाबरलेल्या आईबापांना ही चौकशी टाळाटाळ वाटते. माझ्या मते उपचार तिथूनच सुरू होतो. फॅमिली डॉक्टर साधे ताप रोज पाहतो, म्हणून वेगळा ताप त्याला ओळखू येतो. डब्लिनच्या सेंट जेम्स हॉस्पिटलनं कॅज्युअल्टीतच जनरल प्रॅक्टिशनर बसवून पाहिले होते. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत त्यांनी तपासण्या कमी सांगितल्या, कमी रुग्ण भरती केले. औषधं मात्र जास्त लिहून दिली.

पैशांचा हिशेबही त्याच दिशेनं वळवलाय. प्रौढांना विम्यातले वर्षाचे पहिले 385 युरो खिशातून भरावे लागतात. फॅमिली डॉक्टर आणि रात्रीचं केंद्र त्यातून वगळलंय, कॅज्युअल्टी नाही.

ही सगळी घडी बसते ती दिवसाचा डॉक्टर हाताशी असला तरच, आणि खरी अडचण आता तिथंच आहे. अनेक ठिकाणी डॉक्टरांच्या याद्या भरल्यात, नवं नाव घेत नाहीत. त्यामुळे घर मिळालं की मुलांच्या शाळेइतक्याच तातडीनं या नोंदणीमागे लागा. दोन-चार ठिकाणी नकार मिळाला, तर विमा कंपनीला फोन करा. डॉक्टर शोधायला त्यांनी मदत करायची असते.