पद्मिनीची झिलई

तापीकाठच्या सुरतेत कतारगाम नावाचा जो भाग आहे, त्यातील गोतालावाडीपासून वेड रोडपर्यंतच्या कोणत्याही गल्लीत शिरले, तरी एखाद्या माळ्यावरून घंटीची संथ घरघर कानी येतेच. ही घंटी देवळातली नव्हे, हिरा घासण्याची, आणि तिच्यावर गरगर फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीस येथे सरण म्हणतात. मराठी कानास तो शब्द अशुभ वाटतो, परंतु या वस्तीतील कितीतरी चुली त्या सरणाच्या बळावरच पेटत आल्या आहेत. जगात पैलू पडणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत पडतात, असे व्यापारी सांगतात. माझे घराणे नंदुरबारकडचे. नोकरीनिमित्त वडील तापी खोऱ्याच्या रेल्वेने येथे आले आणि येथलेच झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या मोजक्या चीजवस्तूंत एक प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. तिला घरच्या घरी पुन्हा रंग देऊन तिची गेलेली झिलई परत आणण्याच्या खटपटीत माझी दोन वर्षे गेली, आणि त्या खटपटीत मला जे काही उमगले, ते या वस्तीत राहतो म्हणूनच उमगले, असे मी मानतो.

या मोटारीची कुळकथा मराठी वाचकास परकी नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात प्रारंभी अमेरिकन गाड्यांची जुळणी होई, त्यातूनच पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली, आणि तीच गाडी, किरकोळ फेरफारांनिशी, सत्तरीच्या दशकात चितोडच्या राणीचे नाव घेऊन प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसविलेला गिअर, आणि हातोडीच्या मारास निमूटपणे वळणारा पत्रा, ही तिची लक्षणे. परवान्यांच्या त्या अमदानीत पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावाचून ती दारी येत नसे. म्हणून ती आली, की तिला हळदकुंकू लागे. मुंबईकरास ती काळीपिवळी टॅक्सी म्हणूनच अधिक ठाऊक. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा ज्यांनी तिला हार घातले, त्यांची भावना मला पूर्णपणे समजते.

आमची पद्मिनी हस्तिदंती रंगाची. सुरतेच्या उन्हाने तिच्या टपावरचा रंग खडूसारखा झाला होता. बोट फिरविले, तर बोटास पांढरी भुकटी लागे, कारण रंगास धरून ठेवणारे द्रव्य उन्हाने जळून जाते आणि रंगाचे कण तेवढे निराधार मागे उरतात. डाव्या दाराची कथा अधिक क्लेशकारक. ते काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात रंगवून घेतले होते. तेथे गंज खरवडून न काढताच त्यावर लांबी थापली गेली, आणि दोन पावसाळ्यांत ती पोळीसारखी फुगून आली. तेव्हाच मनाशी ठरविले, की पुन्हा जे करावयाचे ते आपल्या डोळ्यांसमोर आणि आपल्या हाताने. रंग मात्र मूळचाच ठेवावयाचा. त्यात वडिलांची आठवण होतीच, शिवाय नोंदणीच्या दाखल्यात रंग हाही एक रकाना असतो, आणि तो बदलला, तर सरकारदफ्तरी तशी दुरुस्ती करवून घ्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी करवून मुदत वाढवून घ्यावयाची. जुन्या मोटारीच्या मालकास एवढा सरकारी व्यवहार पाठ असतोच.

नवा रंग देण्यापूर्वी जुना रंग कोणत्या जातीचा आहे, हे ओळखणे ही या विद्येची पहिली पायरी. थिनरमध्ये भिजविलेली चिंधी आडोशाच्या जागी घासावी; चिंधीस रंग लागला तर तो लॅकर, न लागला तर इनॅमल किंवा हार्डनर घातलेला रंग. साध्या इनॅमलवर लॅकर मारले, तर त्यातील थिनर खालच्या थरास चावते आणि सारा पृष्ठभाग म्हाताऱ्याच्या कातडीसारखा सुरकुततो. आमच्या डाव्या दाराचा रंग चिंधीवर उतरला, टपाचा उतरला नाही. एकाच गाडीच्या अंगावर दोन जातींचे रंग नांदत होते.

हे लॅकर म्हणजे मुळात कापूस. सरकीस चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंवर नत्राम्लाची क्रिया केली, की नायट्रोसेल्युलोज तयार होते. त्यापासून अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीने बनविलेला ड्युको नावाचा रंग जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाड्यांस दिला, तोवर मोटारीवर वार्निशाचे थर देऊन ते वाळण्याची आठवडेच्या आठवडे प्रतीक्षा करावी लागे. ड्युकोने ते काम काही दिवसांवर आणले. आपल्याकडे ते नाव इतके रुळले, की आजही सुतार कपाटास फवाऱ्याने रंग मारतो त्यास ‘ड्युको मारला’ असेच म्हणतो. सुरती कापूस एके काळी लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत जाई, त्या सुरतेत बसून मी कापसापासून झालेला रंग मोटारीस देत होतो, हा योगायोग मला फार सुखावून गेला.

तथापि रंगकामात रंग मारणे हा अल्पसा भाग. उरलेले सारे घोटणे. गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत काढावयाचा, पोचे ठोकून सरळ करावयाचे, उघड्या पत्र्यावर प्रायमर, मग लांबी, मग सर्फेसर, आणि या प्रत्येकानंतर पाण्यात भिजविलेला वॉटर पेपर. हा पेपर ज्या कणांचा होतो, त्या कार्बोरंडमचा शोध ॲचेसन नावाच्या अमेरिकनास १८९१ साली कृत्रिम हिरे करण्याच्या प्रयत्नात लागला. त्या नावाचा उत्तरार्ध ज्या कोरंडम शब्दावरून आला, तो मूळचा आपल्याच देशातला, संस्कृत ‘कुरुविंद’, मराठीत ‘कुरुंद’. पाण्याने खराब न होणारा पेपर १९२१ साली फ्रान्सिस ओकी याने काढला, तोपर्यंत मोटार रंगविणारे कोरडेच घाशीत आणि ती धूळ छातीत भरून घेत. येथून जवळच खंभातेत अकीक घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसे दगडाच्या धुळीने निकामी होत आली आहेत, हे ज्याने ऐकले आहे, त्यास बादलीभर पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

पेपरास नंबर असतात, आणि नंबर जितका मोठा तितका कण बारीक. चारशे नंबरचा कण सुमारे पस्तीस मायक्रॉनांचा, आठशेचा बावीस, दोन हजारचा दहा. प्रकाशाची तरंगलांबी मात्र जेमतेम अर्धा मायक्रॉन. ओरखडा त्याहून लहान होईतो प्रकाश त्यात ठेचकाळतो आणि पृष्ठभाग मंद दिसतो. तो लहान झाला, की प्रकाश सरळ परततो आणि त्यासच आपण चकाकी म्हणतो. चकाकी वरून लावावयाची वस्तू आहे, असे मी पूर्वी समजत असे. ही समजूत ज्यांनी दूर केली ते माझे शेजारी, सौराष्ट्रातून तरुणपणी येथे येऊन आयुष्यभर घंटीवर बसलेले एक निवृत्त रत्नकलाकार. मी त्यांना काका म्हणतो, ते मला भाई म्हणतात.

बॉनेट सहाशे नंबरने घोटून मी आठशे हाती घेतला होता. काका खुर्ची ओढून बाजूस बसले, खिशातून दहापट मोठे दाखविणारे भिंग काढले, आणि बॉनेटवर असे ओणवले, जणू पुढ्यात हिऱ्यांची पुडी उघडली आहे. मग म्हणाले, “भाई, तुम्ही पुढचा नंबर घेता, पण मागच्या नंबराची रेघ अजून जिवंत आहे.” मी भिंगातून पाहिले. आठशेच्या बारीक, दाट, एकसारख्या रेघांच्या जाळीतून सहाशेच्या तीन-चार जाड रेघा, शेतातून बैलगाडीची चाकोरी जावी तशा, आरपार गेल्या होत्या. काकांनी रीत सांगितली: एका नंबरने उभे घोटले, तर पुढच्याने आडवे घोटावे, म्हणजे मागची रेघ लपून राहू शकत नाही; आणि शेवटची उभी रेघ मरेपर्यंत पेपर बदलू नये. हिऱ्याचेही तेच, ते म्हणाले. सत्तावन्न पैलूंपैकी एकावर रेघ राहिली, तर उरलेले छप्पन्न तिला झाकीत नाहीत. फरक इतकाच, की हिऱ्यास त्याची स्वतःची घासण्याची दिशा असते, ती चुकली तर सरण नुसते किंचाळते आणि दगड जागचा हलत नाही. रंग बिचारा कोणत्याही दिशेने झिजतो, म्हणून त्याची अधिक काळजी.

त्या दिवसापासून माझ्या कामाची गती निम्म्यावर आली आणि तरीही पहिल्या वर्षीचे सारे श्रम वाया गेले, ते हवामानामुळे. भाद्रपदात चार दिवस उघाड पडली, ऊन स्वच्छ होते, म्हणून मी रंगाचा पहिला हात मारला. डिकीवर फवारा पडला तेव्हा रंग काचेसारखा ओला दिसत होता. मी उजव्या मडगार्डाकडे वळलो आणि परत पाहतो तो डिकीवर विरजण लागल्यासारखा पांढुरका थर धरला होता. थिनर उडून जाताना पत्र्याची उष्णता ओढून नेते, पत्रा भोवतालच्या हवेहून गार होतो, आणि तापीकाठच्या पावसाळी हवेतले बाष्प त्यावर दवासारखे बसून रंगात कोंडले जाते. सावकाश उडणारे रिटार्डर थिनर मिसळून हा दोष काही अंशी टळतो. पण इतक्या दमट हवेत फवाराच धरू नये, हे खरे. तो हात मी पूर्ण घोटून काढला.

दुसऱ्या वर्षी मुहूर्त निवडला तो दिवाळीचा. कतारगामची दिवाळी ज्याने पाहिली नाही, त्यास ती शांतता सांगून कळणार नाही: हिऱ्याचे कारखाने दोन-तीन आठवडे बंद होतात, सौराष्ट्रातले सारे कारागीर बायकामुलांसह अमरेली-भावनगरकडे जातात, सोसायटीचा तळमजला मोकळा पडतो, रस्त्यावरची धूळ खाली बसते, आणि हवा कोरडी असते. मी तळमजल्याच्या एका कोपऱ्यास तीन बाजूंनी प्लॅस्टिक लावले, जमिनीवर पाणी शिंपले, काचा आणि क्रोमच्या पट्ट्या मास्किंग टेपने झाकल्या. ही टेपदेखील १९२५ साली मोटार रंगविणाऱ्यांचीच अडचण पाहून रिचर्ड ड्रू याने काढलेली आहे. स्प्रे गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर समांतर चालवावयाची, मनगट वळवावयाचे नाही, आणि प्रत्येक पट्ट्याने मागच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकावयाचा. हात रेंगाळला, की ओघळ आलाच. हार्डनर घातलेला आजचा पीयू रंग अधिक टिकाऊ, हे मान्य आहे. पण त्यातील आयसोसायनेट श्वासनलिकेस कायमचा दमा जडवू शकते आणि साधा मुखवटा त्यास अडवू शकत नाही. बाहेरची शुद्ध हवा नळीने घेण्याची सोय नसेल, तर घरी त्याचे नावही काढू नये, हे मी वाचकास कळकळीने सांगतो. लॅकरचे थिनरही निरुपद्रवी नव्हे; योग्य मुखवटा, उघडी हवा, आणि जवळपास ठिणगी नसावी, इतके पथ्य त्यासही हवेच.

पाच दिवसांत सहा हात दिले, आणि रंग पुरता आवळून यावा म्हणून महिनाभर गाडीस स्पर्श केला नाही. घाई करून आधीच झिलई काढली, तर आतले थिनर नंतर उडते आणि खालच्या रेघा पुन्हा वर येतात. मग बाराशे, पंधराशे, दोन हजार. मग रबिंग कंपाउंड, सुती फडके आणि दंड. येथे एक चूक माझ्या हातून झाली: मडगार्डाच्या कडेवर रंग मुळातच पातळ बसतो हे ठाऊक असूनही फडके त्याच जोराने फिरले, आणि बोटभर लांबीचा करडा सर्फेसर उघडा पडला. आता कडांवर आधीच टेप लावतो आणि त्या शेवटी नुसत्या हाताने, दाब न देता, घोटतो. सर्वांत शेवटी कार्नोबाचे मेण. ब्राझीलमधील एक ताड उन्हाळ्यात पाने सुकू नयेत म्हणून हे मेण पानांवर धरतो, आणि तेच आपण पत्र्यावर, उन्हापासूनच बचाव व्हावा म्हणून, पातळ हाताने लावतो.

पौषातल्या एका संध्याकाळी मेण पुसून झाले. घंट्या सुरू झाल्या होत्या, पण पूर्वीइतक्या नव्हे; मंदीमुळे समोरच्या कारखान्याचा एक माळा दिवाळीनंतर उघडलाच नव्हता, आणि काकांचा मुलगा तेव्हा घरीच असे. दोघेही खाली आले. तळमजल्याची ट्यूबलाइट बॉनेटमध्ये सरळ, न थरथरता, दिसत होती, आणि तिच्याखाली माझ्या वडिलांच्या गाडीत, तिघांचे चेहरे. मुलगा काही न बोलता दारावरून हाताची पालथी बाजू फिरवीत राहिला. काकांनी भिंग काढले, टप पाहिला, दारे पाहिली, मागे गेले, डिकीच्या मुठीशी ओणवले आणि बराच वेळ तेथेच थांबले. मग भिंग माझ्याकडे दिले. मुठीच्या डाव्या अंगास, तिळाएवढ्या जागेत, आठशे नंबरची एक रेघ होती. मी बादलीत पाणी भरून आणले आणि बाराशेचा एक तुकडा भिजत घातला.