मण्यारदंश आणि वैद्यकीय शिक्षण

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसास मण्यार रात्री दंश करते. त्या जागी सूज नसते, वेदनाही बहुधा नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, पुढे श्वास मंदावतो. ही लक्षणे वेळीच ओळखणारा डॉक्टर जवळच्या आरोग्य केंद्रात आहे की नाही, यावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

असा डॉक्टर घडविण्याचे कार्य १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांकडे आहे. ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील महाविद्यालय त्यांपैकीच एक. अध्यापन, संशोधन व रुग्णसेवा यांची तेथे सांगड घातलेली असते. मात्र शहरातील मोठ्या रुग्णालयात असा रुग्ण पोहोचतो तो पुष्कळदा श्वास अडखळू लागल्यावरच. पहिल्या तासांतील आजार विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडतच नाही. संशोधनासाठी त्याची नोंदही होत नाही.

२०२० च्या नियमांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस जिल्हा आरोग्य व्यवस्थेत ३ महिने काम करणे बंधनकारक झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. त्यांतील काही आठवडे, तेही भातलावणीच्या दिवसांत, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय यांच्या वाट्यास यावेत. दरम्यान खाट व नीट खोचलेली मच्छरदाणी यांचा प्रसार ग्रामपंचायतींना आजही करता येईल.