लळिंगचा लांडोर बंगला

धुळ्याहून मालेगावकडे निघालं की लळिंगचा किल्ला लागतो. एसटीच्या खिडकीतून आपण सगळ्याच तो बघतो. त्याच डोंगराच्या रानात एक जुना विश्रामबंगला आहे. लांडोर बंगला म्हणतात त्याला. लांडोर म्हणजे मोराची मादी.

इंग्रजांच्या काळात दौऱ्यावरचे साहेब अशा सरकारी बंगल्यांत उतरायचे. इतर प्रवाशांना धर्मशाळा होत्या, खानावळी होत्या. पण कितीतरी ठिकाणी आधी जात विचारायचे आणि मग ठरायचं, आत घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. परदेशात शिकून १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या उतारूखान्यात पारशी नाव लावून राहिले. दिवसाला दीड रुपया. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला बजावून गेले.

दुसरी हकिकत आपल्या चाळीसगावची, १९२९ सालची. खानदेशातलं काम आटोपून परतताना तिथल्या दलित वस्तीने त्यांना एका रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवर टांगा ठरवायला गेले, तर टांगेवाला म्हणाला, टांगा देतो, पण हाकणार नाही. आता एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी कसं न्यायचं? पाहुणा दारी आला की आपली काय धांदल उडते, ते आपल्याला ठाऊक आहे! वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. टांगा न हाकण्याचं कारण त्यांना नंतर कळलं.

त्यानंतर आठ वर्षांनी ते पुन्हा धुळ्याला आले, कोर्टाच्या कामासाठी. तोवर ते मुंबई विधानसभेचे आमदार झाले होते. ३१ जुलै १९३७ रोजी त्यांचा मुक्काम या लांडोर बंगल्यात झाला.

बंगला साधाच आहे. तरीही दर ३१ जुलैला तिथे माणसं लोटतात, लेकरं कडेवर घेऊन बायाही येतात. भीमस्मृती यात्रा म्हणतात तिला. दिवस पावसाचे असतात, वाट रानातली. जाणार असाल तर छत्री घ्या आणि भाकरी बांधून घ्या.