इंद्रायणीचं जमलं, गाईचं का अडलं?

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली ‘इंद्रायणी’ बाहेर पडलं. आंबेमोहर 157 आणि फिलिपिन्सच्या संशोधन संस्थेतून आलेलं आयआर-8 यांचा हा संकर. आंबेमोहराला वास होता, पण उंच ताट पावसात आडवं व्हायचं आणि पोती भरायची नाहीत. आयआर-8 ठेंगणं आणि भरघोस, पण चवीला बेताचं. दोघांचं लग्न लावून वडगावने जे दिलं ते इतकं रुळलं, की आज पुण्यातल्या वाण्याकडे ‘मावळचा इंद्रायणी’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

त्याच तालुक्यात, त्याच काळात गाईवरही संकराचे प्रयोग झाले. सरकारी दवाखाने, दूध संघ, स्वयंसेवी संस्था, सगळ्यांनी हात लावला. दूध वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘मावळची गाय’ म्हणून बोट दाखवावं असं काही उभं राहिलं नाही. कामशेतहून नाणे मावळात शिरलं की गोठ्यात काळी-पांढरी संकरित गाय दिसते. कुणी तिला एचएफ (होल्स्टीन) म्हणतं, कुणी सरसकट जर्सी. शेजारी एखादी ठेंगणी गावठी बांधलेली असते, जिला सरकारी पुस्तकात जात नाही.

फरकाचं पहिलं कारण निसर्गाने घालून दिलंय. भाताच्या फुलात परागीभवन जागच्या जागीच होतं. संकर केल्यावर पुढच्या पिढ्यांत हजार तऱ्हा निघतात. त्यातल्या चांगल्या लोंब्या निवडायच्या, त्यांच्या ओळी लावायच्या, पुन्हा निवडायच्या. सात-आठ पिढ्यांत वाण स्थिर होतं आणि मग शेतकरी घरचं बी ठेवू शकतो. गाईचं तसं नाही. प्रत्येक वासरू म्हणजे पत्ते नव्याने पिसलेले. विदेशी वळू आणि गावठी गाय यांची पहिली कालवड उत्तम निघते, कारण दोन दूरच्या रक्तांचा जोम तिच्यात असतो. त्याच संकरितांची आपसात पैदास केली की तो जोम ओसरतो. पुन्हा शुद्ध विदेशी रेत भरावं तर विदेशी रक्त वाढत जातं आणि गोठ्यात पंख्याची, औषधांची, खुराकाची सोय करता करता मालक टेकीला येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली तेव्हा म्हणूनच प्रमाण बांधलं: होल्स्टीन 50 टक्के, जर्सी 25, गीर 25. विद्यापीठाच्या गोठ्यात असं प्रमाण राखता येतं, कारण तिथे प्रत्येक जनावराची आई, बाप आणि आजा लिहिलेला असतो.

दुसरं कारण वेळेचं. वळू स्वतः दूध देत नाही. त्याची खरी परीक्षा त्याच्या मुली विऊन दुधाला आल्यावर. गर्भाचे नऊ महिने, कालवड मोठी होऊन माजावर यायला आणि व्यायला अडीच-तीन वर्षं, मग एक पुरतं वेत. उत्तर हाती येईपर्यंत वळू म्हातारा झालेला असतो किंवा मेलेला. तोवर त्याचं रेत गोठवून ठेवता आलं तरच त्या उत्तराचा उपयोग.

ही सोय ज्या शोधाने झाली तो 1949 चा. इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना दिसलं, की ग्लिसरॉल मिसळलं तर गोठवलेले शुक्रजंतू पुन्हा जिवंत होतात. भारतात कृत्रिम रेतन त्याआधीच, 1939 मध्ये, म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोठ्यात डॉ. संपत कुमारन यांनी करून दाखवलं होतं, ताज्या रेताने. गोठवलेलं रेत आपल्याकडे गावोगाव पोचवण्यात मोठा वाटा पुणे जिल्ह्याचाच आहे. 1946 मध्ये गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले. त्यांनी निसर्गोपचार आश्रम सांभाळला, गीर गाईंचा कळप जोपासला आणि 1967 मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. गाईला दवाखान्यात चालवत न्यायचं नाही, माणसानेच मोटारसायकलवरून गोठ्यात जायचं, ही त्यांची साधी पण मोठी युक्ती. 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो असल्याच कामासाठी.

आज मावळातल्या गोठ्यात ते काम कसं चालतं, ते सांगण्यासारखं आहे. सकाळी गाय हंबरते, दूध चोरते, दुसरीवर उडते, शेपटीला काचेसारखा बळस लोंबतो. घरातली बाई फोन लावते. डॉक्टर येतो (पदवी असो-नसो, गावात तो डॉक्टरच), धूर ओकणाऱ्या डब्यातून रेताची कांडी वर काढतो. आत उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन. कांडी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, टोक कापून गनमध्ये चढवायची. डावा हात गुदद्वारातून आत, त्या हाताने गर्भाशयाचं मुख चाचपून धरायचं, उजव्या हाताने गन सरकवत त्याच्या पलीकडे नेमकी रिकामी करायची. पाव मिलिलिटर, त्यात साधारण 2 कोटी शुक्रजंतू. दोन मिनिटांचं काम. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. तो कितीदा वहीत उतरतो आणि कितीदा कांडी गोठ्याच्या कोपऱ्यात शेणात पडून राहते, हे पाहिलं की या लेखाचा अर्धा विषय तिथेच कळतो.

एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली, की ‘उलटली’ म्हणायचं. मावळात उलटण्याची तक्रार घरोघर ऐकू येते आणि दोष कांडीला दिला जातो. कांडीचा दोष कधी असतोही. पण पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ हे भाताचे मुलूख. जनावरापुढे वर्षातले कैक महिने पेंढा. पेंढ्याने पोट भरतं, पण प्रथिनं आणि स्फुरद मिळत नाही आणि माज मुका होतो. त्यात लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर जनावर ओल्या गोठ्यात, अंधारात. उरुळीकांचन पुण्याच्या पूर्वेला, कोरड्या हवेत, कालव्याच्या पाण्यावर. तिथे उत्तम ठरलेली गाय इथे उत्तम ठरेल असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. उलट इगतपुरी-अकोल्याकडच्या डांगी गाईकडे बघा. कातडीवर तेलकट स्राव, काळे टणक खूर, धो धो पावसात रानात उभी. दूध मात्र कमी. तिच्या त्या गुणांचा मावळासाठी कधी गंभीरपणे हिशेब मांडला गेला नाही, याचं मला नवल वाटतं.

एकाच नामांकित वळूमागे सगळ्यांनी धावण्याचा धोका तर जगाने पाहिलाय. अमेरिकेतला ‘आर्लिंडा चीफ’ हा 1962 चा होल्स्टीन वळू. त्याच्या वंशाने दुधाचे डोंगर उभे केले. पण त्याच्यात एक जनुकीय खोट लपलेली होती, जी आई-बाप दोघांकडून आली की गर्भ पोटातच मरतो. ती सापडायला 2010 नंतरचं दशक उजाडलं. तोवर जगभरात सुमारे 5 लाख गर्भ गेल्याचा अंदाज आहे. खोट शोधायला मदत झाली, कारण बाप कोण आणि कोणती गाय उलटली, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

गोऱ्ह्याचं दुखणं वेगळंच. ट्रॅक्टर आला तसा संकरित गोऱ्ह्याला गिऱ्हाईक उरलं नाही. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी. गावात सोडलेल्या गोऱ्ह्यांची कुणी मोजदाद करत नाही. यावर तोडगा म्हणून लिंगवर्गीकृत रेत आलं. मादी वासरू देणाऱ्या शुक्रजंतूत डीएनए साधारण 4 टक्के जास्त असतं. रंग देऊन, लेसरपुढून एकेक थेंब नेऊन मशीन ते वेगळे काढतं. दहात नऊ वासरं कालवडी होतात. उरुळीकांचनला आणि सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला अशा कांड्या तयार होतात. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी वर्गीकरण तंत्राचं लोकार्पण झालं ते कांडीची किंमत उतरवण्यासाठी. मात्र या कांडीत शुक्रजंतू 20 लाखांच्या आसपासच, म्हणजे साध्या कांडीचा दहावा हिस्सा. माज ओळखायला चुकलं तर ती साध्या कांडीहून लवकर वाया जाते. कालवडींना आणि निरोगी, वेळेवर माजणाऱ्या गाईंनाच ती भरावी, असं जाणकार सांगतात ते उगाच नाही.

गोऱ्हा नकोसा झाला, पण खिलार खोंडाला याच मावळात लाखांची बोली लागते, ही गंमत बैलगाडा शर्यतींच्या घाटांची. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. त्या मधल्या वर्षांत खिलार सांभाळणाऱ्यांचे हाल झाले. पण घाटावर गेलात तर ऐका: कोणता खोंड कोणत्या वळूचा, त्याची आई कुणाच्या दावणीची, तिच्या भावाने कोणता घाट मारला, हे तीन पिढ्यांपर्यंत तोंडपाठ. दुधाच्या गाईबद्दल तोच माणूस बापाचं नाव सांगू शकत नाही.

पिढ्यांच्या वेळेची अडचण सगळ्याच जनावरांना सारखी नसते. डुकराचा विषय मावळात निघतो तो भात तुडवणाऱ्या रानडुकरापुरता. पाळीव डुकराच्या पैदाशीचं काम पाहायचं तर गोवा गाठावा लागतो. काणकोणच्या आगोंदवरून नाव पडलेली काळी ‘आगोंद गोवन’ ही नोंदलेली जात आहे आणि जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत डुकरांच्या कृत्रिम रेतनाचं काम चालतं. डुकराचं रेत गोठवणं सोसत नाही; 16 ते 18 अंशांवर ठेवून काही दिवसांत वापरावं लागतं. मात्राही केवढी, तर 80 ते 100 मिलिलिटर. पण डुकरीण 114 दिवसांत विते आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं देते. पिढ्या भराभर सरकतात, म्हणून जगात डुकराच्या आनुवंशिक सुधारणेने गाईला कधीच मागे टाकलंय.

गाईच्या पिढीचा वेळ वाचवण्याचे दोन मार्ग सध्या चर्चेत आहेत. एक भ्रूणाचा. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या वडगाव रसाईला जे.के. ट्रस्टची बोवाजेनिक्स प्रयोगशाळा आहे. तिथे चांगल्या देशी गाईच्या बीजांडकोशातून सुईने बीजांडं काढतात, काचपात्रात फलित करतात, सात दिवसांचा भ्रूण दुसऱ्या गाईच्या पोटात ठेवतात. वर्षाला एक वासरू देणाऱ्या गाईची कित्येक वासरं होतात. तंत्र देखणं आहे. साध्या दूधवाल्याला आज परवडणारं नाही.

दुसरा जनुकीय चिपचा. वासरू जन्मल्या जन्मल्या रक्त किंवा केस घेऊन त्याची जनुकीय कुंडली मांडायची आणि पुढे किती दूध देईल, याचा अंदाज करायचा. 2001 मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी या पद्धतीचं गणित मांडलं. वाशीमच्या त्याच कार्यक्रमात गाई-म्हशींसाठी एकत्रित देशी चिपही जाहीर झाली. पण चिप स्वतःहून काही सांगत नाही. आधी हजारो गाईंची जनुकं आणि त्यांचं मोजलेलं दूध शेजारी शेजारी ठेवावं लागतं. त्यावरून ती शिकते. डेन्मार्कमधल्या वेयेन गावात शेतकऱ्यांनी दूध नोंदणीची मंडळी काढली ती 1895 मध्ये. त्यांच्या चिपला सव्वाशे वर्षांच्या वह्यांची परंपरा मिळाली. आपल्याकडे कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आला, ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत रेतन आणि लसीकरण चढू लागलं. बिल्ल्यापुढे त्या गाईने किती दूध दिलं, हा रकाना बहुतेक रिकामाच.

मावळात हे जमण्यासारखं आहे, असं मला वाटतं. टाटा पॉवरच्या मदतीने इथे बायकांच्याच मालकीची दूध कंपनी उभी राहिली. संकलन केंद्रावर लिटर, फॅट, एसएनएफ रोज छापून मिळतं. फक्त ती पावती घराच्या नावाची असते, गाईच्या नव्हे. चार गाईंचं दूध एका किटलीत येतं आणि कोणती गाय पोसते, कोणती खाते, हे तिथेच मिसळून जातं. महिन्यातून एक दिवस, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक गाईचं दूध वेगळं मोजून बिल्ल्याच्या नंबरापुढे लिहायचं आणि शेजारी कांडीवरचा वळूचा नंबर. 305 दिवसांच्या वेताला दहा-अकरा नोंदी पुरतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो काटा, पेन आणि महिन्याला थोडे पैसे, जे नोंद ठेवणाऱ्या बाईला कुणीतरी द्यायला हवेत. आतापर्यंत ते पैसे कुठल्याच योजनेच्या यादीत वरच्या बाजूला आलेले नाहीत.