डीएनए बोलतो, पण नोंदवही उघडी असेल तरच

बिकानेर जिल्ह्यातील एका ढाणीवर मी एका वृद्ध पशुपालकासोबत बसलो होतो. २०२२ मध्ये राजस्थान आणि गुजरातमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ पसरली, तेव्हा त्यांच्या अकरा राठी गाईंपैकी चार दगावल्या. गोठ्यातील तीन गाईंकडे बोट दाखवत ते म्हणाले, ‘‘या तिघी एकाच म्हातारीच्या वंशातल्या. आजारी पडल्या, पण उठल्या.’’ त्या म्हातारीची आई, आजी आणि त्यांची वेते त्यांना तोंडपाठ होती. कागदावर मात्र यातील काहीच नव्हते.

तिघी वाचल्या हा योगायोग असेल, लशीचा परिणाम असेल किंवा खरोखरच आनुवंशिक गुण असेल. त्या साथीत गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली जात होती. यांपैकी कोणत्या गाईला ती केव्हा मिळाली, हेही आता सांगता येत नव्हते. उत्तर शोधण्याची संधी गेली, ती विज्ञान अपुरे होते म्हणून नव्हे, तर नोंद नव्हती म्हणून.

विज्ञानाच्या बाजूने देशाने मोठा पल्ला गाठला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने देशी गोवंशासाठी ‘इंडिगाऊ’ ही चिप २०२१ मध्ये तयार केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील वाशिम येथे पंतप्रधानांनी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठीची ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण केले. पूर्वी वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून होई. मुलगी जन्मावी, मोठी व्हावी, व्यावी आणि तिचे दूध मोजले जावे, यात कित्येक वर्षे जात. आता कालवडीच्या किंवा गोऱ्ह्याच्या रक्ताच्या अथवा मुळासकट उपटलेल्या केसांच्या नमुन्यावरून लहान वयातच अंदाज बांधता येतो.

परंतु चिप स्वतः काहीच जाणत नाही. डीएनएवरील एखादी खूण दुधाशी, उष्णता सोसण्याशी किंवा रोगप्रतिकाराशी निगडित आहे की नाही, हे ठरवण्यासाठी हजारो जनावरांचे डीएनए आणि त्याच जनावरांच्या प्रत्यक्ष नोंदी समोरासमोर ठेवाव्या लागतात. नोंद चुकली, तर यंत्र ती चूकच शिकते.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आहे आणि त्यातील १४ कोटींहून अधिक देशी आहे. कानात बारा अंकी बिल्ला आणि ‘भारत पशुधन’ प्रणालीतील नोंद, ही व्यवस्था उत्तम आहे. पण बिल्ला झुडपात अडकून तुटतो, नवा क्रमांक येतो आणि जुन्याशी त्याची सांगड घातली जात नाही. कृत्रिम रेतनाची नोंद होते, पण त्याच काळात गावचा वळूही कळपात फिरत असतो. वासराचा खरा बाप डीएनए चाचणीने पडताळता येतो, मात्र त्यासाठी संभाव्य वळूंचे नमुनेही जपलेले असावे लागतात.

माझ्या मते उणीव आणखी खोल आहे. आपण मोजतो ते दूध. उन्हाळ्यात कोणत्या गाईने चारा सोडला, दुष्काळी वर्षात कोणती गाभण राहिली, कोणती साथीतून वाचली, हे कोणी विचारत नाही. अवर्षण आणि उष्म्याला तोंड देणारे वाण घडवायचे, तर याच गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत. मृत्यूची नोंद तर जन्माइतकीच मोलाची आहे.

हे सारे पशुपालकाने फुकट करावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. बिल्ला म्हणजे विम्याच्या दाव्यापुरती वस्तू, अशी त्याची समजूत होते, कारण दिलेल्या माहितीतून त्याच्याकडे काहीच परत येत नाही. प्रत्येक गाईची वंशावळ, लसीकरण आणि वेते यांचा छापील उतारा त्याच्या भाषेत त्याच्या हाती द्यावा. नोंद असलेल्या कालवडीला बाजारात चार पैसे अधिक मिळाले, तर वही आपोआप भरू लागेल.

निघताना मी त्या वृद्धांना विचारले, हे सगळे लिहून का ठेवत नाही? ते हसले आणि म्हणाले, ‘‘आजवर कुणी वाचायला मागितलेच नाही.’’ चिपवर खर्च करणाऱ्या देशाने ते मागायला हवे, तेही लवकर. त्या तीन गाईंची वंशावळ आज एका वृद्ध माणसाच्या स्मरणात आहे, आणि त्या स्मरणाची दुसरी प्रत नाही.